मिस्त्रींचं नाक

लेक – तसं नाही, बाबा. आधी एवढंच सांगा, ती बाकडी कुठल्या लाकडाची होती?

मिस्त्री – कुठली बाकडी? आपल्या वखारीतून महिन्याला ढीगभर बाकडी जातात.

लेक – बालवाडीची. सहा. बुटकी, गोल कोपऱ्यांची. कोपरे तुम्ही स्वतः घासलेत. दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाहीत म्हणे.

मिस्त्री – हां, ती होय! पाईन. मोठ्या बागेतला वेलींचा मांडव पाडला ना, त्याचे खांब आले होते ट्रकमधून. वरचा काळा थर रंध्याने उतरवला तर आत लोण्यासारखं लाकूड. का गं? डुगडुगतंय एखादं?

लेक – डुगडुगत नाहीये. बालवाडीच्या बाईंचा फोन आला होता मघाशी. दुपारचं ऊन पडलं की फळ्यांतून तपकिरी थेंब येतात म्हणाल्या. चिकट. आणि दोन पोरांच्या मांड्यांवर लाल चट्टे उठलेत.

मिस्त्री – पॉलिश वाळलं नसेल.

लेक – त्याही तेच म्हणाल्या. ‘पॉलिश कच्चं राहिलं असेल का हो?’ इतक्या चांगल्या बोलल्या की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मिस्त्री – मग झालं तर. एक हात फिरवून देऊ पुन्हा.

लेक – बाबा, त्या बाकड्यांना आपण पॉलिश केलंच नव्हतं. लहान मुलं कुठेही तोंड लावतात म्हणून नुसतं जवसाचं तेल चोळलं होतं. तुम्हीच तसं सांगितलं होतंत, सासूबाईंकडे जाताना मी लिहून ठेवलं होतं.

मिस्त्री – असेल. तेल राहिलं असेल ओलं.

लेक – सहा आठवडे? बरं, ते सोडा. बाकड्यांचे उरलेले तुकडे सापडले मला, मागच्या शेडमध्ये. हा घ्या. वास घ्या आणि सांगा.

मिस्त्री – आता परीक्षा घेणार का माझी?

लेक – घ्या ना.

मिस्त्री – ...पाईनच आहे. जुनं. राळेचा वास राहतो त्याला वर्षानुवर्षं.

लेक – राळेचा.

मिस्त्री – राळेचा. वेगळा कसला असणार?

लेक – बाबा, मला शेडच्या दारातूनच डांबराचा वास आला. आणि माझ्या डाव्या हातात टर्पेंटाइनचा बोळा आहे. मघापासून. तुमच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरलाय मी.

मिस्त्री – तो बोळा खाली ठेव.

लेक – का? वास येतोय?

मिस्त्री – डोळ्यांना झोंबतोय.

लेक – कधीपासून चाललंय हे?

मिस्त्री – थंडीत ताप आला होता बघ. ताप गेला, खोकला गेला. हे काही परत आलं नाही.

लेक – म्हणजे आठ महिने!

मिस्त्री – आठ पुरे नाही झाले अजून.

लेक – बाबा! परवा दूध करपून घरभर धूर झाला, मी जिन्यावरून ओरडत आले, आणि तुम्ही शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत होतात. म्हणालात, लक्ष नव्हतं.

मिस्त्री – लक्ष होतं. पेपरात होतं.

लेक – थट्टेवारी नेऊ नका. गॅस सुटला असता तर? आणि घराचं जाऊ दे. शहरातल्या मोडलेल्या खाटा, दारं, चौकटी, खोकी, रस्त्यावर पडलेली झाडं, सगळं इथे येतं. त्यातलं काय घरात जायचं, काय भुसा करून बोर्डाच्या कारखान्यात जायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे तुमच्या नाकावर ठरतं. कॉलेजची मुलं येतात तुमचं नाक बघायला! मग निवडत कसे होतात तुम्ही आठ महिने?

मिस्त्री – हाताने. वजनाने. खिळ्याच्या भोकाभोवती डाग कसा पडलाय त्यावरून. पन्नास वर्षं झाली या कामात, सगळी अक्कल नाकातच नव्हती माझ्या. आणि फारच अडलं तर गेटवरच्या काकांकडे जायचो.

लेक – त्यांना लाकडातलं काय कळतं?

मिस्त्री – काही नाही. तेच बरं होतं. तुकडा हातात द्यायचा आणि म्हणायचं, बघू या तुमचं नाक किती तिखट आहे. त्यांना वाटायचं खेळ चाललाय. मग ते सांगायचे. हा फिनेलसारखा येतोय, हा जुन्या वह्यांसारखा येतोय, हा आमच्या आत्याच्या पेटीसारखा. त्यावरून मी ओळखायचो.

लेक – अरे देवा. आत्याची पेटी!

मिस्त्री – ते शिसव होतं. अगदी बरोबर निघालं.

लेक – आणि मांडवाचे खांब आले त्या दिवशी काका कुठे होते?

मिस्त्री – रजेवर. तूही नव्हतीस. तुझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनचा पंधरवडा तो.

लेक – पण खांब रंध्याच्या मशीनवर चढवले तेव्हा तरी कुणी काही बोललं असेल. मशीनवाल्याला कळलं नाही?

मिस्त्री – तो नाकावर फडकं बांधतो.

लेक – तरीही.

मिस्त्री – ...कळलं होतं त्याला.

लेक – काय म्हणाला?

मिस्त्री – फडकं खाली करून म्हणाला, ‘मिस्त्री, उग्र येतोय हो याला.’

लेक – मग?

मिस्त्री – मी म्हटलं, जुन्या पाईनला येतोच. तू मशीन चालव.

लेक – बाबा...

मिस्त्री – चारचौघांत म्हणालो. पोरगा पंचवीस वर्षांनी लहान माझ्याहून. मान खाली घातली त्याने आणि फळी पुढे सरकवली. ते सारखं डोळ्यांसमोर येतंय आता, तू तो तुकडा हातात दिलास तेव्हापासून.

लेक – वाळवी लागू नये म्हणून खांबांना डांबराचं तेल पाजतात, हे मला तुम्हीच शिकवलंत. लहानपणी. असलं लाकूड घरात आणायचं नाही, चुलीत घालायचं नाही, उन्हात तापलं की अंगाला लागू द्यायचं नाही.

मिस्त्री – ठाऊक आहे मला मी काय शिकवलं ते. पोरं बसतायत का आता त्यांच्यावर?

लेक – नाही. ‘आजपासून वापरू नका’ एवढं सांगितलं बाईंना. का, ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं, आणि कळल्यावर सांगितलं नाही.

मिस्त्री – का नाही सांगितलं?

लेक – कारण त्या स्वतःच पॉलिश म्हणतायत! उद्या सकाळी टेम्पो नेऊ, सहाच्या सहा उचलून आणू, चार दिवसांत चांगल्या सागाची सहा नेऊन ठेवू. चट्टे काय, आठवड्यात जातील.

मिस्त्री – आणि डॉक्टरला त्या काय सांगणार? पॉलिश. मग तो पॉलिशवरचं औषध देणार.

लेक – तुम्हाला कळत नाही का मी कशाला घाबरतेय? पाच वर्षं झाली मला हे उभं करून. आधी हे सगळं लाकूड गावाबाहेर नेऊन पेटवून द्यायचे. अजूनही लोक आपलं टेबल घेताना आधी उलटं करून बघतात, खालून कचरा चिकटलाय का म्हणून. आणि आता म्हणायचं, आम्ही तुमच्या मुलांना विषाच्या फळीवर बसवलं? उद्या पालिका म्हणेल, बंद करा तुमची वखार, बॉयलरमध्ये जाऊ दे सगळं.

मिस्त्री – म्हणेल कदाचित.

लेक – मग?

मिस्त्री – ऐक पोरी, माझे ढलपे. माझी चूक झाकायला तू खोटं बोलू नकोस. खोटंच बोलायचं असेल तर मी बोलतो, मला आठ महिन्यांचा सराव आहे.

लेक – असं बोलून मला रडवू नका हं.

मिस्त्री – रडवत नाहीये. उद्या मी येतो टेम्पोतून. बाईंशी मी बोलणार. तू मध्ये बोलायचं नाहीस.

लेक – एक विचारू? आठ महिन्यांत एकदाही मला सांगावंसं वाटलं नाही?

मिस्त्री – रोज वाटायचं. माझं दुकान बंद झालं तेव्हा तू मला इथे आणलंस. हातांना कंप सुटला तेव्हा करवत काढून घेतलीस, म्हणालीस, तुम्ही नुसते निवडा. आता नाकही गेलं म्हटल्यावर तू म्हणाली असतीस, बाबा, तुम्ही आता घरी बसा. आणि प्रेमाने म्हणाली असतीस, हेच वाईट. भांडताही आलं नसतं मला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. बालवाडीचा व्हरांडा. सहा बाकडी भिंतीशी उलटी करून ठेवलेली.)

बाई – या, या. अरे वा, आज मिस्त्री स्वतः! ए, वाळू डोक्यात नाही घालायची हं, मी बघतेय! काय म्हणत होते, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात? पॉलिशचं काम तर आहे.

मिस्त्री – पॉलिशचं नाही, बाई. लाकूडच चुकीचं आहे. खांबांना वाळवी लागू नये म्हणून डांबराचं तेल पाजलेलं असतं, तसलं. मुलांच्या जवळपास येता कामा नये असं लाकूड. ते मी निवडलं. माझ्या नाकाला आठ महिने वास येत नाही आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. हिलासुद्धा नाही. मशीनवरच्या माणसाने मला हटकलं होतं, त्याला मी गप्प बसवलं. एवढं आहे.

बाई – ...थांबा. पुन्हा सांगा. विषारी आहे?

मिस्त्री – सारखं अंगाला लागलं, उन्हात तापून लागलं, तर बाधतं. ते चट्टे त्याचेच असणार.

बाई – आणि ताई, तुम्हाला हे काल माहीत होतं? मी फोन केला तेव्हा?

लेक – फोन केलात तेव्हा नव्हतं. तासाभराने कळलं.

बाई – मग तासाभराने फोन का नाही केलात?

लेक – मी... ठरवत होते. सांगायचं की नाही ते.

बाई – तुम्ही नुसतं वापरू नका म्हणालात. मी ही उचलून भिंतीशी ठेवली, मुलांनीच मदत केली मला. हातांनी. चार-चार जणांनी मिळून एकेक बाकडं. केवढी मजा वाटत होती त्यांना! कारण सांगितलं असतंत तर हात लावू दिला असता का मी? निदान साबणाने धुवायला तरी लावले असते.

लेक – चुकलं माझं.

बाई – चुकलं म्हणून कसं चालेल? तुम्हाला माहीत आहे, समितीला प्लॅस्टिकची बाकडी हवी होती. रंगीत, धुता येणारी. मी भांडले तिथे. मी म्हटलं, आपल्याच शहरात पडलेलं लाकूड आहे, मुलांना सांगता येईल की हे आधी बागेत उभं होतं. सांगितलंही मी! रोज सांगायचे. ‘बघा हं, हा बागेतला मांडव, आता आपल्याला बसायला आलाय.’ आणि मुलं हात फिरवायची त्याच्यावरून.

मिस्त्री – बाई, मला बोला. हिला नका बोलू.

बाई – मला ज्यांना बोलायचं त्यांना मी बोलेन.

मिस्त्री – बरं.

लेक – त्या तेलाचं नाव मी कागदावर लिहून आणलंय. ज्या दोन मुलांना चट्टे आलेत त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मी काल रात्री आमच्या डॉक्टरांशी बोललेही, चट्ट्यांना आधी ऊन लागू देऊ नका म्हणाले. बाकडी अंगणात होती तिथली वाळूही आम्ही काढून नेतो, थेंब पडले असतील. नवी वाळू दुपारपर्यंत येईल.

बाई – द्या तो कागद. ...आणि बाकीच्या आयांना? बारा वाजता येतील सगळ्या न्यायला. मी काय सांगू त्यांना?

मिस्त्री – तुम्ही काही सांगू नका. मी सांगतो.

बाई – सोपं नाही ते. त्यातल्या दोघीतिघी फार फटकळ आहेत.

मिस्त्री – असू दे.

बाई – ओरडतील. तुमच्या वयाचा मुलाहिजा नाही ठेवणार.

मिस्त्री – ठेवूच नये. बाई, एक खुर्ची मिळेल का? उभं राहून मला फार वेळ बोलता येत नाही. पाय थरथरले तर त्यांना वाटेल, दया यावी म्हणून करतोय.

बाई – ...इथे तर सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या आहेत. थांबा, माझी आणते.

(दोन महिन्यांनंतर. वखारीचं मागचं आवार.)

लेक – बाईंचा फोन होता. प्लॅस्टिकची आली म्हणे बाकडी. लाल आणि पिवळी.

मिस्त्री – आणि पोरं?

लेक – चट्टे तेव्हाच गेले, दहा दिवसांत. परवा डॉक्टरांना पुन्हा दाखवून आणली, काही नाही म्हणाले. पण त्या आयांपैकी एकीने नाव काढून घेतलं मुलीचं. दुसऱ्या बालवाडीत घातलं.

मिस्त्री – ती उंच बाई असणार, निळ्या पिशवीवाली. ती ओरडली नव्हती त्या दिवशी. सगळ्या ओरडून झाल्यावर तिने हळूच विचारलं, ‘तुम्हाला वास येत नाही हे तुम्हाला तरी ठाऊक होतं ना?’ मी म्हटलं, हो. पुढे काही विचारलंच नाही तिने. मुलीचा हात धरून गेली.

लेक – मला तुमच्याकडे बघवत नव्हतं तेव्हा.

मिस्त्री – मलाही स्वतःकडे बघवत नव्हतं. पण बसलो. ते एक बरं केलं. शेवटचं घर झालं का काल?

लेक – झालं. तुम्ही आठ महिन्यांत निवडलेली एकूण एक वस्तू हुडकली. एक्केचाळीस घरं, दोन दवाखाने, एक वाचनालय. प्रत्येक ठिकाणी जाऊन मी कपाटांत डोकं घालून वास घेतला. एका घरातल्या आजोबांना वाटलं मी उंदीर शोधतेय.

मिस्त्री – निघालं काही?

लेक – एक चपलांची मांडणी आणि गच्चीतली एक लाकडी कुंडी. त्याच खांबांची. दोन्ही उचलून आणल्या. बाकी सगळं चोख होतं, बाबा. सगळं. तुमच्या हातांनी आणि काकांच्या आत्याने निभावून नेलं.

मिस्त्री – त्याने काही फिटत नाही.

लेक – नाही फिटत. पण खरं आहे ते, म्हणून सांगितलं.

मिस्त्री – पालिकेचं काय?

लेक – साहेबांना सगळं लिहून दिलं. वखार चालू ठेवा म्हणाले, पण सहा महिने मुलांसाठी काही करायचं नाही. आणि गेटवर आता तेलाचा खांब उतरवूनच घ्यायचा नाही. प्रत्येक फळीवर दोघांची खूण पाहिजे खडूची, एकाची चालणार नाही. मशीनवाल्याला मी म्हटलं, एक खूण तुझी. तर म्हणतो, मिस्त्रींना विचारून सांगतो.

मिस्त्री – आला होता. मी त्याची माफी मागितली, तर तोच कावराबावरा झाला. चहा प्यायला पळाला.

लेक – आणि नाकाचे डॉक्टर?

मिस्त्री – येईल म्हणाले, किंवा येणार नाही म्हणाले. एवढं सांगायला पाऊण तास बसवलं. घरी गॅसचा भोंगा लावलाय ना तू, तो मात्र रोज वाजतो. नुसती फोडणी टाकली तरी.

लेक – वाजू दे. बरं, या बाकड्यांचं काय करायचं? किती दिवस ताडपत्रीखाली ठेवणार?

मिस्त्री – जाळायची नाहीत. भुसा करायचा नाही. पुरायची तर मुळीच नाहीत. असल्या मालाची वेगळी गाडी येते म्हणालीस ना?

लेक – येईल पुढच्या महिन्यात. तोवर कुणी उचलून नेऊ नये म्हणून पाटी लावतेय. त्या दिवशी एकजण ताडपत्री उचलून बघत होता, म्हणे काय सुंदर कोपरे आहेत हो, विकता का?

मिस्त्री – कोपरे चांगलेच झाले होते. त्यात काही खोट नव्हती. ...शहरभरच्या एवढ्या मोडक्यातोडक्याला जागा शोधून दिली आपण. याला नाही देता आली.

लेक – ही बघा पाटी. अक्षर लांबून दिसतंय ना? ‘तेल पाजलेलं लाकूड. हात लावू नये.’

मिस्त्री – दिसतंय. खाली बारीक काय लिहिलंयस? चष्मा नाही माझ्याकडे.

लेक – ‘असं लाकूड कसं ओळखायचं, ते मिस्त्रींना विचारा.’

मिस्त्री – मला? मी काय सांगणार त्यांना?

लेक – सगळं. डाग कसा पडतो, वजन कसं लागतं, वास कसा असतो, आणि तो येत नसेल तर काय होतं, तेही. शनिवारी सुतारकामाच्या वर्गातली वीस मुलं यायची आहेत. मी हो म्हटलंय.

मिस्त्री – मला न विचारता?

लेक – तुम्हाला न विचारता.

मिस्त्री – वीस... मग ही पाटी जरा त्या झाडाकडे सरकव. माणसं उन्हात उभी राहून किती वेळ ऐकतील?